पाने खाणाऱ्या किडी आणि घरची फळझुडपे

झाडाचे पान हे त्याचे स्वयंपाकघर होय. मुळांनी आणलेले पाणी व क्षार आणि हवेतील कर्बवायू यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने झाडाचे अन्न तयार होते ते पानात. फळातील गोडी किंवा आंबटपणा हीदेखील शेवटी पानाचीच कमाई असते. म्हणून अंगणातील लिंबाच्या झुडपावरची कोवळी पालवी एका आठवड्यात नाहीशी झाली आणि काड्यांवर नुसत्या शिरा उरल्या, की झाडाच्या मालकाने अस्वस्थ व्हावे हे स्वाभाविक आहे. मात्र या अस्वस्थतेतून तो पुष्कळदा जे करतो ते अळीच्या खाण्यापेक्षा अधिक घातक ठरते. हाताशी असेल ते विष तो झाडावर फवारतो. पान कोणी खाल्ले, किती खाल्ले आणि खाणारा अजून तेथे आहे की नाही, हे तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारलेलेच नसतात.

दिल्ली आणि तिच्या आसपासच्या गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद या शहरांत अंगणे लहान होत गेली, तरी फळझुडपांची हौस कमी झालेली नाही. कागदी लिंबू, डाळिंब, फालसा, करवंद, पेरू, बोर यांपैकी एखादे झाड घरापुढील वाफ्यात किंवा गच्चीवरील मोठ्या कुंडीत आढळतेच. मराठी कुटुंब असेल तर शेजारी कढीलिंबही असतो. या झाडांना त्रास देणाऱ्या किडींचा विचार आपण येथे करणार आहोत. उपायांपूर्वी आधी त्या ओळखावयास हव्यात.

पान कोणी खाल्ले?

खाणारा दिसला नाही तरी खाण्याची रीत त्याची साक्ष देते. कोवळे पान कडेपासून मध्यशिरेपर्यंत कुरतडलेले असेल आणि खालच्या पानांवर काळपट लेंड्यांचे दाणे पडले असतील, तर ते काम अळीचे. पानावर चंदेरी, नागमोडी रेषा उमटल्या असतील आणि पान चुरगळले असेल, तर ती नागअळी. ती पानाच्या दोन पदरांमध्ये राहून आतील हिरवा भाग खाते. रात्रीतून पानांची चाळण झाली, पण दिवसा झाडावर एकही कीटक सापडत नाही, अशी स्थिती पहिल्या पावसानंतर उद्भवली तर भुंगेऱ्यांचा संशय घ्यावा. पानावर वाळलेल्या चिकट स्रावाचा चकाकता माग असेल तर गोगलगाय येऊन गेली आहे.

कधीकधी पानाच्या कडेचा तुकडा जणू कात्रीने गोल कापून नेल्यासारखा दिसतो. हे काम पाने कापणाऱ्या माशीचे. ती मधमाशीच्याच गोतावळ्यातील असून पान खात नाही. तो तुकडा ती आपल्या पिलांच्या घरट्याला अस्तर म्हणून वापरते. फुलांच्या परागीभवनास तिचा उपयोग होतो. तिने नेलेल्या चार तुकड्यांसाठी तिला मारणे म्हणजे पाहुण्याने पाण्याचा पेला उचलला म्हणून त्याला चोर ठरविण्यासारखे आहे.

डाळिंबाच्या पानांवर पाठीची कमान करीत चालणारी करड्या रंगाची अळी दिसली, तर ती बहुधा एरंडीवरील उंटअळी असते. एरंड हे तिचे आवडते झाड. पण डाळिंब, बोर, गुलाब यांवरही ती पोट भरते. बोरीवर केसाळ अळ्याही येतात. त्यांच्या केसांनी अंगाला खाज सुटते, म्हणून त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये.

लिंबावरील फुलपाखरू

या सर्वांत नित्य भेटणारी कीड म्हणजे लिंबावरील फुलपाखरू. कार्ल लिनीयस याने १७५८ मध्ये त्याला पॅपिलिओ डेमोलिअस हे शास्त्रीय नाव दिले. काळ्या पंखांवर पिवळ्या ठिपक्यांची नक्षी आणि मागील पंखावर एक तांबडा डाग असलेले हे फुलपाखरू बागेत आले, की मुले त्याच्या मागे धावतात. स्वतः फुलपाखरू फुलांतील मध पिते; झाडाला त्याचा काही उपद्रव नाही. उपद्रव होतो तो त्याच्या बालपणीच्या रूपाचा.

मादी कोवळ्या पानावर एकेक सुटे, फिकट पिवळसर, गोल अंडे घालते. उबदार हवेत तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते. आरंभीची अळी काळपट तपकिरी असून तिच्यावर पांढरे पट्टे असतात. ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्यामुळे पक्ष्यांच्याच नजरेतून सुटते. चार वेळा कात टाकल्यावर तिचे रूप पालटते. आता ती हिरवीगार, गुबगुबीत आणि सुमारे चार सेंटिमीटर लांबीची होते आणि पानांच्या रंगात मिसळून जाते. तिला डिवचले असता डोक्यामागून एक दुभंगलेले शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्यांसारख्या शत्रूंना दूर ठेवण्याची ही तिची युक्ती आहे. माणसाला त्यापासून काही अपाय होत नाही.

दोन-तीन आठवडे खाऊन झाल्यावर अळी फांदीला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून कोषात जाते. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत नवे फुलपाखरू बाहेर येते. उत्तर भारतातील कडक थंडीत मात्र कोष तसाच थांबून राहतो आणि हवा उबदार झाल्यावर उघडतो. वर्षात अशा अनेक पिढ्या होतात. दिल्लीत फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंबाला पालवी फुटते तेव्हा तिचा आरंभ दिसतो, आणि पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत तिचा जोर सर्वाधिक असतो. विदर्भातील संत्र्याच्या बागाईतदारालाही ही अळी चांगली परिचित आहे. विशेषतः रोपवाटिकेत ती रोपे उघडीबोडकी करून टाकते.

हानी केव्हा समजावी?

पान खाल्ले गेले म्हणजे फळ गेले, असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. पूर्ण वाढलेल्या झाडाजवळ गरजेहून अधिक पाने असतात. काही पाने गेल्यास उरलेल्या पानांना अधिक ऊन मिळते आणि झाड नवी पालवी काढून तूट भरून काढते. पाच-सहा वर्षांच्या, सशक्त लिंबावर दहा-वीस अळ्या दिसल्या म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

एक-दोन वर्षांच्या रोपाची गोष्ट वेगळी. त्याच्याजवळ पानांची पुंजी थोडी असते. तीन-चार मोठ्या अळ्या ती आठवड्यात संपवितात. एकदा झालेल्या पानगळीतून रोप कदाचित सावरेल. परंतु नव्याने फुटलेली पालवीही पुन्हा खाल्ली गेली तर त्याची वाढ खुंटते. कुंडीतील झाडाचेही तसेच. त्याच्या मुळांना पसरावयास जागा नसल्याने तोटा भरून काढण्याची त्याची शक्ती बेताचीच असते. तेव्हा रोप आणि कुंडी यांच्याकडे रोज पाहावे. जुन्या झाडाला आठवड्यातून एकदा भेट पुरेशी आहे.

नागअळीविषयीही हेच म्हणता येईल. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून झाले. आज ती जगातील बहुतेक लिंबूवर्गीय बागांत पोहोचली आहे. तिने पोखरलेले पान कुरूप दिसते, पण त्याचा शिल्लक हिरवा भाग आपले काम करीतच असतो. म्हणून अशी पाने सरसकट तोडू नयेत. मात्र पोखरलेल्या जागेतून खैऱ्या रोगाचे जीवाणू शिरू शकतात. पानावर उंचवट्यासारखे खरबरीत, पिवळ्या कडेचे डाग दिसल्यास ती फांदी छाटून नष्ट करावी.

दोन डोळे आणि दोन बोटे

घरच्या चार झाडांसाठी हाताने वेचण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. सकाळच्या वेळी कोवळी पालवी उलटसुलट करून पाहावी. अंडी दिसल्यास बोटाने पुसून टाकावी. अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. हिरवी अळी दिसत नसेल तर खालच्या पानांवरील ताज्या लेंड्या पाहाव्यात आणि बरोबर त्यांच्या वरची फांदी तपासावी. अळी बहुधा तेथेच सापडते. ज्यांना फुलपाखराचा वंश अगदीच संपवावयाचा नसेल त्यांनी रोपावरील अळ्या उचलून जुन्या, मोठ्या झाडावर सोडाव्यात. मोठे झाड त्या सहन करू शकते.

भुंगेऱ्यांना वेचण्याची वेळ वेगळी. ते दिवसा मातीत दडून राहतात आणि वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या सरींनंतर तिन्हीसांजेला बाहेर पडून रात्रभर पाने खातात. अंधार पडल्यावर झाडाखाली जुनी चादर अंथरून फांद्या जोराने हलवाव्यात. खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. या भुंगेऱ्यांची मातीतील पिले म्हणजेच मुळे खाणारी हुमणी. तेव्हा पावसाच्या आरंभी काही संध्याकाळी घेतलेले हे श्रम पाने आणि मुळे अशा दोन्हींच्या उपयोगी पडतात. शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात हे केल्यास लाभ अधिक, कारण भुंगेऱ्याला कुंपण अडवीत नाही.

न दिसणारे साहाय्यक

निसर्गात अळीचे शत्रू पुष्कळ आहेत. बुलबुल, साळुंकी, प्रार्थनाकीटक आणि कोळी हे आपल्याला दिसतात. परंतु अधिक मोलाचे काम करतात त्या नजरेत न भरणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या. त्यांपैकी काही अळीच्या अंड्यात आपली अंडी घालतात, काही अळीच्या शरीरात, तर काही नुकत्याच तयार झालेल्या कोषात. बाहेर येणाऱ्या पिलांचे अन्न म्हणजे ती कीडच. अळीजवळ पांढऱ्या कापसासारखे बारीक कोष चिकटलेले दिसले, किंवा फुलपाखराचा कोष तपकिरी पडून त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडलेली आढळली, तर समजावे की हे साहाय्यक कामाला लागले आहेत. अशा अळ्या व कोष तेथेच राहू द्यावेत.

जहाल विषाची फवारणी अळीबरोबर या सर्वांचाही संहार करते. कीड पुन्हा येते, कारण नवे फुलपाखरू शेजारच्या बागेतून उडत येऊन एका दिवसात अंडी घालू शकते. तिच्या शत्रूंची संख्या पूर्ववत व्हावयास मात्र वेळ लागतो. मधल्या काळात अळीला मोकळे रान मिळते. फवारणीनंतर कीड वाढली, असा जो अनुभव पुष्कळांना येतो, त्याचे एक कारण हे आहे.

कडुनिंबाचा धडा

जेव्हा वेचणे पुरे पडत नाही तेव्हा ज्या झाडाकडे वळावे ते दिल्लीच्या रस्त्यारस्त्यांवर उभे आहे. कडुनिंबाची पाने धान्यात व कपड्यांत ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी. पण त्याच्या गुणाची शास्त्रशुद्ध कसोटी ज्या ठिकाणी लागली त्यांत दिल्लीचे स्थान महत्त्वाचे आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेची स्थापना १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची हानी झाल्यावर १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली आणि येताना पुसा हे नावही बरोबर घेऊन आली. या संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ डॉ. एस. प्रधान यांनी एम. जी. जोतवानी व बी. के. राय या सहकाऱ्यांसह निंबोळीच्या गराची पूड पाण्यात कालवून पिकांवर फवारली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांचे सार असे की, टोळ त्या पिकांवर उतरले, परंतु त्यांनी ती पाने खाल्ली नाहीत. टोळ म्हणजे वाटेत येईल ते हिरवे खाऊन फस्त करणारा प्राणी. त्याने पानाला तोंड लावू नये, ही लहान गोष्ट नव्हती.

२०२० च्या जून महिन्यात टोळांचा थवा गुरुग्रामवरून उडत गेला आणि दिल्लीच्या दक्षिण सीमेला येऊन भिडला, तेव्हा या जुन्या प्रयोगाचे मोल नव्याने आठवावे असा प्रसंग आला होता.

निंबोळीतील मुख्य द्रव्य आझाडिरॅक्टिन. ते १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की प्रयोगशाळेत ते पूर्णपणे घडविण्यास २००७ साल उजाडावे लागले. त्याचे कार्य दोन प्रकारचे आहे. एक तर ते पान अळीला नकोसे करते. दुसरे, ते अळीच्या शरीरातील संप्रेरकांच्या व्यवहारात बिघाड करते. त्यामुळे तिला नीट कात टाकता येत नाही आणि ती पूर्ण वाढीला न पोहोचताच मरते. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निंबोळीचा अर्क फवारल्यावर अळी तत्काळ टपकन खाली पडत नाही. ती काही दिवस झाडावर दिसत राहते, पण तिचे खाणे मंदावते. हे ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्याच दिवशी ‘औषध लागू पडले नाही’ असे म्हणून लोक जहाल विष आणतात. अळी मोजण्याऐवजी नव्याने खाल्लेली पाने मोजावीत. परिणाम तेथे दिसतो.

महाराष्ट्रात शेतकऱ्यांना परिचित असलेला पाच टक्के निंबोळी अर्क घरीही करता येतो. पिकून गळलेल्या निंबोळ्या गोळा करून त्यांचा गर धुऊन काढावा व बिया सावलीत वाळवाव्यात. बुरशी धरलेल्या बिया टाकून द्याव्यात. टरफल काढून आतील मगजाची पन्नास ग्रॅम पूड थोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी, सकाळी फडक्याने गाळून घ्यावी आणि एकूण पाणी एक लिटर करावे. चिमूटभर साबणाचा चुरा त्यात विरघळवावा, म्हणजे अर्क पानावर पसरतो. सूर्यप्रकाशात आझाडिरॅक्टिन लवकर नष्ट होते, म्हणून फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंना करावी. केलेला अर्क त्याच दिवशी वापरावा. प्रथम एकाच फांदीवर फवारून पाने करपत नाहीत ना हे पाहावे. गरज भासल्यास आठ-दहा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी.

तरीही कडुनिंब म्हणजे रामबाण नव्हे. ज्या भुंगेऱ्यांचा उल्लेख वर आला ते कडुनिंबाची पानेच आवडीने खातात. महाराष्ट्रात हुमणीच्या बंदोबस्तासाठी शेतकरी कडुनिंब व बाभळीच्याच फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतात. टोळाला जे अखाद्य ते भुंगेऱ्याला जेवण! एकाच उपायाने सर्व किडी जात नाहीत, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

अळी की अळीसारखी?

हाच मुद्दा आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जपानमध्ये १९०१ साली रेशमाच्या किड्यांच्या एका रोगाचा शोध घेताना एक जीवाणू सापडला. पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात तोच जीवाणू पुन्हा आढळला, म्हणून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस असे नाव पडले. त्याची पूड आज फवारणीसाठी बाजारात मिळते. ती पानाबरोबर पोटात गेली की अळीचे आतडे निकामी होते, खाणे थांबते आणि काही दिवसांत अळी मरते. फुलपाखरे व पतंग यांच्या अळ्यांवर, विशेषतः त्या लहान असताना, तिचा चांगला परिणाम होतो. माणसे, पक्षी आणि गांधीलमाश्या यांना ती जहाल विषासारखी घातक नाही.

परंतु अळीसारखा दिसणारा प्रत्येक जीव अळी नसतो. इंग्लंडमध्ये गूजबेरी नावाचे काटेरी फळझुडूप घरोघरी असते. त्याची पाने काही दिवसांत फस्त करणारी हिरवी ‘अळी’ ही वस्तुतः करवतमाशीचे पिल्लू असते. दिल्लीच्या हिवाळ्यात मोहरी व मुळ्यावर दिसणारी काळपट ‘अळी’ही याच कुळातील. तिच्यावर वरील पूड चालत नाही, कारण तिचे कुळ मधमाश्या-गांधीलमाश्यांचे आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. पुढचे तीन जोड खरे पाय सोडून मागील मांसल पाय मोजावेत. फुलपाखरा-पतंगाच्या अळीला त्यांचे पाचपेक्षा अधिक जोड नसतात. करवतमाशीच्या पिलाला सहा किंवा त्याहून अधिक असतात. पाय मोजावयास अर्धे मिनिट लागते. त्यात वाया जाणारी फवारणी वाचते.

जुनी पुस्तके आणि जुनी विषे

ग्रंथालयांतून आजही बागकामाची जी जुनी पुस्तके वाचली जातात, त्यांत डीडीटी किंवा बीएचसीची भुकटी धुरळावी असा सल्ला सर्रास आढळतो. त्या लेखकांनी आपल्या काळच्या ज्ञानानुसार तो दिला होता. परंतु ही द्रव्ये मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि अन्नावाटे प्राण्यांच्या चरबीत साठतात, हे पुढे निःसंशय सिद्ध झाले. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, आणि एंडोसल्फानचा वापर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये थांबला. तेव्हा जुन्या पुस्तकातून झाडाची निगा जरूर शिकावी. विषांची नावे मात्र तेथून उचलू नयेत. माळ्यावर एखादा जुना डबा पडलेला असेल तर तो ‘वाया जाऊ नये’ म्हणून झाडावर रिकामा करू नये.

विकत मिळणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम. हिरवा त्रिकोणही ‘निर्धोक’ असे सांगत नाही. ‘इतरांहून कमी विषारी’ एवढेच सांगतो. घराच्या खिडकीखाली, मुलांच्या खेळण्याच्या जागी लाल व पिवळ्या त्रिकोणाला थारा नसावा. डासांसाठी असलेला फवारा झाडावर मारणे हेही तितकेच चुकीचे.

कढीलिंबाच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी. लिंबाच्याच कुळातील असल्यामुळे लिंबावरील फुलपाखरू त्याच्यावरही अंडी घालते. पण लिंबाचे आपण फळ वापरतो. कढीलिंबाचे पानच आपल्या फोडणीत पडते. तेथे अळी आणि आपण यांचे अन्न एकच आहे. त्यामुळे या झाडावर वेचणे हाच पहिला आणि शक्यतो शेवटचा उपाय असावा. निंबोळीचा अर्क वापरल्यास काही दिवस त्या फांद्यांची पाने न तोडता पुढे स्वच्छ धुऊन घ्यावीत.

झाड सशक्त ठेवणे हा सर्व उपायांचा पाया आहे. आळ्यात कुजलेले शेणखत घालावे, पाणी बेताने द्यावे आणि नत्रखताचा अतिरेक टाळावा. कारण अवेळी फुटणारी लुसलुशीत पालवी म्हणजे अळ्यांना दिलेले आमंत्रणच. एवढे करूनही काही पाने खाल्ली जातीलच. ती झाडाच्या खर्चाची बाजू समजावी. जो नियमाने झाड पाहतो त्याला कीड थोडी असतानाच दिसते, आणि कीड थोडी असताना विषाची गरज सहसा पडत नाही.